विस्तवाने जागा बदलली

दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ही म्हण मोठ्या माणसांची. रांगत्या मुलाला दूध कोणते आणि ताक कोणते, हेच मुळी कळत नाही. आधी फुंकर घालावी लागते, हे तर त्याच्या गावीही नसते. तेव्हा त्याच्या वाट्याची फुंकर आपण मोठ्यांनीच आधी घालून ठेवायची असते. ती नेमकी कोठे घालायची, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, विस्तवापासून मुलांना जपावे हे सांगायला का भाषण हवे? आमची आजी हेच सांगत होती. खरे आहे. परंतु आजीच्या घरातला विस्तव आणि आपल्या घरातला विस्तव आता एक राहिलेला नाही. त्याने जागा बदलली, रूप बदलले. आपली सावधगिरी मात्र पुष्कळदा जुन्याच जागी पहारा करीत उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर प्रमाणात भाजतात. त्यांत लहान मुले थोडीथोडकी नसतात. म्हणून हा विचार करायचा.

प्रथम जुने घर डोळ्यांपुढे आणा. चूल जमिनीवर. शेजारी वैलावर आमटीचे भांडे. चुलीतले निखारे बाहेर ओढलेले आणि त्यांवर भाकरी शेकायला टेकवलेली. बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली शेगडी. संध्याकाळी रॉकेलची चिमणी, तीही कोनाड्यात नसेल तर जमिनीवरच. हिवाळ्यात अंगणात शेकोटी. अशा घरात मूल रांगू लागले की ते चालत्या पायांनी किंवा रांगत्या हातांनी विस्तवात जाई. हात पोळत, पाय पोळत. मुलगी जरा मोठी होऊन चुलीपुढे बसू लागली की परकराचा घोळ ज्वाळेत जाई.

मग घरात स्टोव्ह आला. हवा भरायचा प्रायमस स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली निघाला. पुढे तो आपल्या शहरांत आणि मग गावांतही घरोघर झाला. धूर गेला, सरपण वाचले. पण घरात रॉकेलचा डबा आला. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, पिन मारताना भडका उडणे, हवा जास्त भरून स्टोव्ह फुटणे, ही नवी संकटे त्याच्या मागोमाग आली. त्याच सुमारास नायलॉन आणि टेरिलीन आले. सुती कापड जळते. हे नवे कापड जळता जळता वितळते आणि कातडीला चिकटून बसते.

त्यानंतर गॅस. मुंबईत स्वयंपाकाचा गॅस १९५५ साली आला, इंडेन गॅस १९६५ पासून मिळू लागला, आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तो खेड्यापाड्यांत लक्षावधी घरांत पोचला. वीज आली, चिमणी गेली. पुष्कळ घरांत उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा झाला. आईची कंबर वाचली, डोळे वाचले. ही सारी चांगलीच गोष्ट झाली, यात शंका नाही.

पण विस्तव जमिनीवरून ओट्यावर गेला तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी मूल विस्तवावर पडत असे. आता कढत पदार्थ मुलावर पडतो. ओट्याच्या कडेला चहाचे पातेले असते, त्याचा दांडा बाहेर आलेला असतो. खालून दीड-दोन वर्षांचे मूल पाहते. त्याला पातेल्यात काय आहे ते दिसत नाही. दांडा तेवढा दिसतो, आणि हाताशी येईल ते ओढणे हा तर त्या वयाचा धर्मच. पातेले खाली येते ते थेट तोंडावर, मानेवर, छातीवर. हातापायांची जखम आता चेहऱ्यावर आणि गळ्यावर आली, ती अशी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या भाषेत चटका बसतो, पोळते, भाजते आणि होरपळते, असे वेगवेगळे शब्द आहेत. त्यामुळे ‘ज्वाळेने भाजले नाही हो, नुसते पाण्याने पोळले’ असे लोक सहज म्हणून जातात. जणू पाण्याने पोळणे म्हणजे काही विशेष नाही! अमेरिकेत १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन शास्त्रज्ञांनी ऊन पाण्याने कातडी किती वेळात जळते हे मोजून पाहिले. ६० अंश सेल्सिअस पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे ५ सेकंदांत खोलवर जाळते. तेच पाणी ४९ अंशांचे असेल तर त्याला काही मिनिटे लागतात. तान्ह्या मुलाची कातडी आपल्यापेक्षा पातळ, म्हणून त्याला वेळ आणखी कमी पुरतो. आधणाचे पाणी जवळजवळ १०० अंशांचे असते. कपात ओतलेला चहा दहा-पंधरा मिनिटांनीही लहान मुलाला पोळवू शकतो. आणि मुलाचे अंग ते केवढे? त्याचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे शंभरावा भाग. एक कपभर चहा असे किती तळहात भिजवील, ते तुम्हीच मोजा.

असे काही घडले की घरात पहिला प्रश्न कोणता निघतो? ‘आई कुठे होती?’ सासू विचारते, शेजारीण विचारते, दवाखान्यात आणल्यावर तेथेही कोणी विचारतो. आधीच अर्धमेली झालेली ती माउली उत्तर काय देणार? ती भाकऱ्या थापीत होती, पाणी भरीत होती, नाहीतर दुसऱ्या मुलाला न्हाऊ घालीत होती. श्रोतेहो, हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘पातेले कुठे होते?’ हा खरा प्रश्न. आईला आठ प्रहर डोळ्यांत तेल घालून बसता येत नाही. पातेल्याला मात्र आठ प्रहर मागच्या बाजूला ठेवता येते.

ही केवळ माझी कल्पना नव्हे. इतर देशांनी याचा अनुभव घेतलेला आहे. इंग्लंडमधील घरांत पूर्वी बसण्याच्या खोलीत कोळशाची उघडी शेगडी असे, आणि मुलींचे झगे तिच्यावर पेटत. १९०८ साली तेथे कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला उघड्या शेगडीच्या खोलीत ठेवले आणि त्यामुळे ते दगावले किंवा गंभीर जखमी झाले, तर आईबापांना दंड. पण दंडाच्या भीतीने शेगडीवर जाळी थोडीच बसते! पुढे बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयात भाजलेल्यांवर उपचार करणारे डॉक्टर लिओनार्ड कोलब्रुक यांनी वेगळाच आग्रह धरला. विकली जाणारी शेगडीच जाळीसकट विका, असे त्यांचे म्हणणे. १९५२ साली तसा कायदा झाला. १९६४ साली मुलांचे रात्रीचे झगे चटकन पेट न घेणाऱ्या कापडाचेच असावेत, असा नियम झाला. कपडे पेटून भाजणारी मुले तेथे हळूहळू कमी होत गेली. तेथे १९०८ च्या कायद्याने आईबापांना धरले होते. १९५२ च्या कायद्याने वस्तू सुधारली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे. तेथे १९८३ साली असा कायदा झाला की नवे पाणी तापवण्याचे यंत्र ४९ अंशांवरच लावून द्यावे. नळाच्या कढत पाण्याने पोळून रुग्णालयात येणाऱ्या मुलांची संख्या त्यानंतर घटली. तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे, श्रीलंकेचे. तेथील गोरगरिबांच्या घरांत बाटलीत वात घालून केलेले रॉकेलचे दिवे असत. ते कलंडत, रॉकेल सांडे, आणि झोपलेली मुले जळत. विजय गोडाकुंबुरा या शल्यचिकित्सकांनी बुटका, जाड काचेचा, जड बुडाचा दिवा तयार केला. त्याच्या दोन बाजू सपाट, म्हणजे पडला तरी गडगडत नाही. झाकण फिरकीचे, म्हणजे तेल सांडत नाही. या कामासाठी १९९८ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्यांनी कोणाला उपदेश केला नाही. दिव्याचे बूड जड केले.

आता आपल्या घरांकडे येऊ. एक गोष्ट ध्यानात ठेवा. नवे संकट आले म्हणून जुने गेले, असे होत नाही. पुष्कळ घरांत चहाला गॅस आणि भाकरीला चूल, असे दोन्ही चालते. तेव्हा पहारा दोन्हीकडे हवा.

चूल असेल तर तिच्याभोवती वीतभर नव्हे, हातभर उंचीचा मातीचा कठडा घाला. गॅसची शेगडी जमिनीवर ठेवू नका. ओटा नसेल तर दगड-मातीचा भक्कम कट्टा बांधा, आणि भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवा. चहाचा कप हातात असताना मांडीवर मूल घेऊ नका. हे मी आजोबांनाही सांगतो आहे, बरे का! नातवाला मांडीवर घेऊन बशीतून चहा पाजण्यातला आनंद मोठा, पण आधी चहा आणि मग नातू, असा क्रम ठेवा.

न्हाणीघरात आपण आधी कढत पाणी घंगाळात किंवा बादलीत ओततो, मग विसण घालतो. हा क्रम उलटा करा. आधी गार पाणी, मग त्यात कढत. मधल्या दोन मिनिटांत मूल बादलीत कोसळले तरी ते गार पाण्यात पडेल. बंब असो की चुलीवरचे तपेले, मुलांना त्या खोलीत एकटे सोडू नका. आणि पाणी तापवायची विजेची कांडी बादलीत सोडली असेल, तर न्हाणीघराला बाहेरून कडी हवीच. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय त्या पाण्यात बोट घालायचे नाही.

सर्दी झाली की आपण मुलाला वाफारा देतो. मांडीशी कढत पाण्याचे पातेले, डोक्यावर चादर. मूल कासावीस होऊन पाय झाडते आणि पातेले कलंडते. २०२० साली करोनाच्या साथीत घरोघर वाफ घेण्याचे वेड पसरले, तेव्हा कोलब्रुक यांच्याच त्या बर्मिंगहॅम शहरात वाफाऱ्याने पोळलेली मुले एकाएकी वाढल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदवले. शंभर वर्षांपूर्वी तेथे शेगडी पोळवीत होती, आता पातेले. वाफाऱ्याने सर्दीचा आजार बरा होतो याला पुरावा नाही. लहान मुलाला तो न दिलेलाच बरा.

मूल आठ-दहा वर्षांचे झाले की ते घराबाहेर पडते, आणि त्याचा विस्तवही घराबाहेर जातो. हा विस्तव दिसत नाही. तो विजेच्या तारेत असतो. गावावरून जाणाऱ्या मोठ्या लाइनीत ११,००० व्होल्ट असतात, रेल्वेच्या वरच्या तारेत २५,०००. या दाबाच्या तारेला हात लावावाच लागतो असे नाही. पुरेसे जवळ गेले तरी वीज उडी घेते. संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग, आंबे काढायची लोखंडी आकडी, गच्चीजवळून गेलेली लाइन, यार्डात उभ्या मालगाडीच्या टपावर चढून फोटो काढण्याची हौस, या सगळ्यांचा शेवट एकच होतो. विजेची जखम फसवी असते. वरून बोटाएवढा काळा डाग दिसतो, आत स्नायू जळालेले असतात, आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. म्हणून विजेने भाजलेले मूल हसत-बोलत असले तरी त्याला दवाखान्यात न्यायचेच. आधी मेन स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा. मोठ्या लाइनीचा धक्का असेल तर वीज कंपनीकडून लाइन बंद होईपर्यंत दूरच राहा.

आणखी दोन गोष्टी सांगतो, ज्यांना आपण विस्तव समजतच नाही. एक चुन्याची पुडी. पान-तंबाखूचा चुना प्लॅस्टिकच्या पुडीत येतो. मूल ती दाबते, पुडी फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. चुना डोळा जाळतो, कायमचे अंधत्व येऊ शकते. अशा वेळी डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार किमान वीस मिनिटे सोडा आणि तसेच डॉक्टरांकडे धावा. दुसरी गोष्ट, खेळण्यातला बटनासारखा चपटा सेल. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू लागते. ‘पडेल शौचावाटे’ म्हणून वाट पाहू नका.

एवढे करूनही मूल भाजलेच तर? येथे पहिली वीस मिनिटे मोलाची. कपडे पेटले असतील तर मुलाला पळू देऊ नका. जमिनीवर आडवे करून लोळवा, जाड सुती गोधडी किंवा घोंगडी टाका. मग भाजलेल्या जागेवर साध्या गार पाण्याची धार वीस मिनिटे धरा. घड्याळ लावून वीस मिनिटे. नळ नसेल तर तांब्यातांब्याने ओता. बर्फ नको. बाकीचे अंग कोरड्या पांघरुणात उबदार ठेवा. अंगावरचे भिजलेले कपडे काढा, पण चिकटलेले ओढू नका. सूज येण्याआधी हातातल्या बिंदल्या, पायांतले वाळे, कमरेचा करदोटा काढून घ्या. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, अंड्याचा बलक यांतले काहीही लावू नका. त्याने जखम दूषित होते, आणि डॉक्टरांना ती नीट पाहताही येत नाही. फोड फोडू नका. धुतलेले सुती कापड सैलसर झाका आणि निघा. १०८ क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते.

दवाखान्यात केव्हा न्यावे? मूल अगदी लहान असेल तर भाजले कितीही असले तरी न्यावे. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिय भाजले असेल, त्याच्या दोन-तीन तळहातांएवढी जागा भाजली असेल, फोड आले असतील किंवा जखम पांढरीफटक दिसत असेल, तर वेळ घालवू नये. दहा तळहातांएवढे भाजले म्हणजे मुलाच्या जिवाला धोका, शिरेतून सलाईन लागतेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता दोन शब्द खास आपल्यासाठी. शाळेत दुपारची खिचडी शिजते. मुलांची रांग आणि खिचडीचे पातेले यांच्यामध्ये मोठे माणूस आणि अंतर, दोन्ही असू द्या. पातेले मोठ्यांनीच उचलावे, झाकण घालून, आणि मुले बसल्यावर. शाळेच्या गच्चीवरून लाइन गेली असेल तर वीज कंपनीला पत्र लिहा, आणि एका पत्राने काम झाले नाही तर दुसरे लिहा.

दुसरे काम याहून अवघड आहे. भाजलेले मूल बरे होऊन वर्गात परत येते, तेव्हा त्याची कातडी बरी झालेली नसते, नुसती मिटलेली असते. ती खाजते, आखडते. मान एका बाजूला ओढली जाते, कोपर सरळ होत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आणि बांधलेली पट्टी कित्येक महिने चालवावी लागते. घरचे कंटाळतात. तुम्ही रोज ‘हात सरळ कर पाहू’ एवढे म्हटलेत तरी तो हात पुढे लिहू शकेल. आणि मधल्या सुट्टीत त्याला नाव ठेवणारी मुले असतील. ते मूल येण्याच्या आदल्या दिवशी वर्गाशी बोला. पहिल्या दिवशी त्याला नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच मित्राशेजारी बसवा. त्या एका दिवसावर त्याची पुढली शाळा अवलंबून असते.

शेवटी एक छोटासा प्रयोग सांगतो. उद्या सकाळी घरातल्या कर्त्या पुरुषाने स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसावे आणि दोन वर्षांच्या मुलाच्या नजरेने चहूकडे पाहावे. कोणता दांडा हाताशी येतो? कोणती वायर लोंबते? टेबलावरच्या कापडाचे टोक ओढले तर वरून काय येईल? जे जे हाताला लागेल ते ते मागे सारा, वर ठेवा, बांधून टाका. गुरुजींनी हाच प्रयोग चौथी-पाचवीच्या मुलांना घरचा अभ्यास म्हणून द्यावा. धाकट्या भावंडाच्या उंचीची काठी घेऊन त्यांनी घर मोजावे आणि सापडलेल्या वस्तू वहीत लिहून आणाव्यात. मुले ही यादी मोठ्या हौसेने करतील, आणि त्या यादीतली प्रत्येक वस्तू हलवल्याशिवाय आईबापांना स्वस्थही बसू देणार नाहीत.